बापू नाडकर्णी आणि संवराचा प्रश्न

काही न करण्याचं फळ मिळतं का? आमच्या घरात हा प्रश्न पोथीपुरता नव्हता. आम्ही वारणाकाठचे दिगंबर जैन, शेती करणारे. आई अष्टमी-चतुर्दशीला उपास धरायची, चातुर्मासात पालेभाजी घरात येत नसे, दिवस मावळला की चूल बंद. सगळं न करण्याचं: न खाणं, न बोलणं, न तोडणं. पावसाळ्यात मुनिमहाराज मुक्कामाला असले, की बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, तत्त्वार्थसूत्र या पोथीचं वाचन चाले, आणि माझा थोरला भाऊ अण्णा दरवर्षी एकाच ठिकाणी अडायचा. दान केलं, सेवा केली, तर ती दिसते. जे केलंच नाही त्याचा हिशेब कुठल्या वहीत मांडायचा?

पुढं मी मुंबईला बँकेत लागलो आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या क्लबाचा स्कोअरर झालो. अशी वही असते, हे मला तिथं कळलं. स्कोअरबुकात प्रत्येक चेंडूची खूण करावी लागते. धाव निघाली तर आकडा, काहीच झालं नाही तर टिंब. षटकाच्या चौकोनात टिंबं तीन-तीनच्या दोन उभ्या ओळींत मांडायची, आणि सहाच्या सहा टिंबं आली की ती रेघेनं जोडून इंग्रजी एम काढायचा. हे मेडन, निर्धाव षटक. काहीच न घडलेल्या सहा चेंडूंना क्रिकेटनं स्वतःचं चिन्ह दिलंय. एवढंच नाही, गोलंदाजाचं पृथक्करण लिहिताना त्याला वेगळा रकाना आहे. आधी षटकं, मग निर्धाव, मग धावा, शेवटी बळी.

या दुसऱ्या रकान्यावर ज्यांचं नाव कायमचं लिहिलं गेलं, ते रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे सगळ्यांचे बापू. ४ एप्रिल १९३३ रोजी नाशिकला जन्म, पुणे विद्यापीठाकडून विद्यापीठांच्या स्पर्धेत खेळले, मग रणजी करंडकात आधी महाराष्ट्र आणि नंतर मुंबई. डावखुरे फलंदाज, डावखुरे फिरकी गोलंदाज. डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीला न्यूझीलंडविरुद्ध पहिली कसोटी मिळाली, तीही विनू मंकड त्या सामन्यात विश्रांती घेत होते म्हणून. बापूंनी नाबाद ६८ धावा केल्या, सामन्यात ५७ षटकं टाकली आणि एकही बळी मिळाला नाही. मंकड परत आले, बापू बाहेर बसले. ज्याच्या कारकिर्दीची सुरुवातच ५७ षटकं आणि शून्य बळी अशी झाली, त्यानं पुढं जे केलं ते रागानं केलं नाही, घाईनं केलं नाही, हे मला फार मोठं वाटतं.

आणि मग जानेवारी १९६४, मद्रास. भारतानं पहिल्या डावात ७ बाद ४५७ वर डाव सोडला होता, बुधी कुंदरननं १९२ केल्या होत्या. समोर इंग्लंडचे ब्रायन बोलस आणि केन बॅरिंग्टन. त्या डावात बापूंचे आकडे असे: ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. त्यातली २१ षटकं लागोपाठ निर्धाव. एकामागून एक १३१ चेंडूंवर धाव नाही. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डनं लागोपाठ १३७ चेंडू निर्धाव टाकले होते, पण त्या वेळी तिथं षटक आठ चेंडूंचं होतं. निर्धाव षटकांच्या मोजणीत बापूंच्या पुढं आजही कोणी नाही. हा एखाद्या दिवसाचा चमत्कार नव्हता. १९६०-६१ मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूरला ३२ षटकांत २४ निर्धाव आणि २३ धावा, दिल्लीला ३४ षटकांत २४ निर्धाव, २४ धावा आणि एक बळी. ४१ कसोटी सामन्यांत त्यांनी षटकामागे सरासरी १.६७ धावा दिल्या.

आता पोथीकडे येतो. आमच्या तत्त्वविचारात सात तत्त्वं सांगितली आहेत: जीव, अजीव, आस्रव, बंध, संवर, निर्जरा आणि मोक्ष. मन, वाणी आणि शरीर यांच्या हालचालीतून कर्म आत येतं, तो आस्रव. ते चिकटतं, तो बंध. येणं थांबवणं हा संवर, आणि आधीच साठलेलं झडून जाणं ही निर्जरा. महाराज आम्हा पोरांना समजावताना नावेचं सांगायचे, आणि नदीकाठच्या पोरांना ते लगेच कळायचं. नावेला भोक पडलंय आणि पाणी भरतंय. पहिलं काम भोक बुजवण्याचं, मग आतलं पाणी उपसायचं. भोक तसंच ठेवून रात्रभर उपसत बसलं तरी नाव बुडणारच. म्हणून सूत्रात संवर आधी आणि निर्जरा मागून. संवराचे प्रकारही मोजून दिलेत: तीन गुप्ती, पाच समिती, दहा धर्म, बारा अनुप्रेक्षा, बावीस परीषहजय आणि पाच चारित्र. बेरीज सत्तावन्न.

स्कोअरबुकातही बळींच्या रकान्याआधी निर्धाव षटकांचा रकाना येतो. मी हे अण्णाला सांगितलं तेव्हा तो खुश होईल असं वाटलं होतं. तो शेतात पाणी पाजत होता, खोरं बाजूला ठेवून म्हणाला, "लेका, हा संवर कसला? हा तर अंतराय. दुसऱ्याच्या मिळकतीत आडवं पडणं. समोरच्याला धाव मिळणार होती, ती यानं मिळू दिली नाही. याचं पाप लागतं."

आक्षेप साधा नाही. आठ कर्मांतलं शेवटचं कर्म अंतराय. दुसऱ्याच्या दानात, लाभात, भोगात विघ्न आणलं की ते बांधलं जातं, असं सूत्रच सांगतं. शिवाय संवर हा ज्याचा त्यानं स्वतःवर ठेवायचा. दुसऱ्याचं दार बंद करण्याला संवर म्हणत नाहीत. मग बापूंनी बॅरिंग्टनच्या धावा अडवल्या, याला काय म्हणायचं?

अण्णाच्या या बोलण्यावर मी बराच काळ विचार केला आणि माझं उत्तर क्रिकेटनंच मला दिलं. डिसेंबर २००१ मध्ये बंगळुरूच्या कसोटीत इंग्लंडचा कर्णधार नासिर हुसेन यानं सचिन तेंडुलकरसाठी एक डाव रचला. डावखुरा ॲशली जाईल्स राउंड द विकेट येण्याऐवजी ओव्हर द विकेट आला आणि चेंडू सातत्यानं लेग स्टंपच्या बाहेर टाकत राहिला. तिथून फटका मारता येत नाही, आणि पायचीतही मिळत नाही. उद्देश एवढाच, की समोरच्याला खेळूच द्यायचं नाही. शेवटी सचिन वैतागून पुढं आला आणि ९० वर यष्टिचीत झाला, कसोटीत पहिल्यांदाच. नियमात बसत होतं, डावपेच म्हणून यशस्वीही झाला. पण अण्णाची व्याख्या लावायची तर अंतराय तो हा.

बापूंचं तसं नव्हतं. नेटमध्ये खेळपट्टीवर चांगल्या टप्प्यावर नाणं ठेवायचं आणि चेंडू त्या नाण्यावर पाडत राहायचं, असा त्यांचा सराव असे. डोळ्यासमोर आणून बघा. नाणं बोटाच्या पेराएवढं. बावीस यार्डांवरून, हातातून सुटलेला चेंडू, थकलेल्या खांद्यानं. तिथं फलंदाज नाही, पंच नाही, धावफलक नाही. कोणाचं काही अडवलं जात नाही. आहे ते एवढंच, की आपला चेंडू आपण म्हणू तिथं पडतोय का. सामन्यात बॅरिंग्टन समोर आला तरी बापू तेच करत होते. त्याला पुढं येऊन उचलून मारायला कोणी मनाई केली नव्हती. चेंडू त्याच्या आवाक्यात पडत होता. बापूंनी फक्त एक गोष्ट दिली नाही, ती म्हणजे स्वतःची चूक.

बंधाची कारणं सांगताना सूत्रात प्रमाद हे एक कारण दिलंय. प्रमाद म्हणजे गाफीलपणा. आखूड पडलेला चेंडू, फुलटॉस, पायावर गेलेला चेंडू हा गोलंदाजाचा प्रमाद आहे. त्यावर निघालेली धाव फलंदाजानं कमावलेली नसते, गोलंदाजाकडून गळालेली असते. लागोपाठ १३१ चेंडू हे गळणं बंद होतं. मुनींच्या पाच समितींमध्ये आदाननिक्षेपण नावाची एक समिती आहे: कमंडलू असो की शास्त्र, वस्तू उचलताना आणि ठेवताना जागा बघून, जपून ठेवायची, खाली एखादा जीव असेल म्हणून. लहानपणी बस्तीत महाराजांना कमंडलू ठेवताना मी बघितलंय. आधी नजर त्या जागेवर जायची, मग पिच्छीनं, म्हणजे मोरपिसांच्या कुंच्यानं, ती जागा हलकेच झाडली जायची, मग कमंडलू खाली. दिवसातून कितीही वेळा उचलला-ठेवला तरी यातली एकही पायरी गळत नसे. बघणाऱ्याला वाटावं काहीच घडत नाही. घडत मात्र सतत होतं. अण्णाला हवी असलेली वही मला इथं सापडली. न करणं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. ते दर क्षणी नव्यानं करावं लागणारं काम आहे आणि त्यात सुट्टी नाही. पाचवं टिंब पडलं म्हणून सहावं आपोआप पडत नाही.

तरी एक शंका राहतेच आणि ती मला अंतरायापेक्षा जास्त बोचते. हा संयम होता की नाइलाज? आमच्याकडे अकाम निर्जरा नावाची गोष्ट आहे. तुरुंगात कोंडलेला माणूस उपाशी राहतो, तहानेला राहतो. त्याचंही काही कर्म झडतं, पण तो उपास नव्हे, कारण त्यानं तो पत्करलेला नाही. एखाद्या गोलंदाजाच्या हातात बळी घेण्याची कला नसेल आणि म्हणून तो धावा अडवत बसला, तर ती अकाम. त्या काळातल्या भारतीय क्रिकेटवर असा आरोप करायला जागाही होती. १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये आपण पाचही कसोटी हरलो. पुढच्याच वर्षी पाकिस्तानविरुद्ध पाचही अनिर्णित. १९६३-६४ ला इंग्लंडविरुद्ध पुन्हा पाचही अनिर्णित. हरण्याची भीती पोटात धरून खेळणारा संघ होता तो, आणि हे झाकण्यात अर्थ नाही. पैसे मोजून उन्हात बसलेल्या प्रेक्षकाचाही त्यात विचार नव्हता.

पण बापूंचा हिशेब या भीतीत बसत नाही. प्रथम श्रेणीत त्यांनी ५०० बळी घेतले, सरासरी २१.३७. धावा ८८८०, सरासरी चाळीसच्या वर. १९६०-६१ च्या रणजी मोसमात दिल्लीविरुद्ध त्यांनी नाबाद २८३ केल्या आहेत. ज्या हंगामात कानपूर-दिल्लीचे ते कंजूष आकडे आहेत, त्याच हंगामात. ज्याला २८३ करता येतात तो जेव्हा धरून खेळतो, तेव्हा ते धरणं त्यानं निवडलेलं असतं. मद्रासच्याच मालिकेत कानपूरला भारतावर फॉलोऑन आला. बापूंनी पहिल्या डावात नाबाद ५२ केल्या होत्या, दुसऱ्या डावात त्यांना वर पाठवलं, आणि नाबाद १२२ करून ते परतले. सामना वाचला. त्या मालिकेत त्यांची फलंदाजीची सरासरी ९८ होती. लोकांच्या लक्षात राहिल्या त्या मात्र पाच धावा.

आमच्या क्लबात एक डावखुरा पोरगा होता. कांगा लीगचा सामना, ऑगस्टचा आठवडा, आझाद मैदान. कांगा लीग १९४८ पासून पावसाळ्यातच खेळतात, ओल्या खेळपट्टीवर. मला त्याची नेहमी गंमत वाटत आली, की आमच्याकडे साधू मुक्काम करतात त्याच चार महिन्यांत मुंबईचं क्रिकेट आपली सर्वांत कठीण परीक्षा देतं. त्या दिवशी चेंडू भिजून साबणासारखा झाला होता. पोरगा दर चेंडूआधी तो लाकडाच्या भुशात घोळवायचा, फडक्यानं पुसायचा, शिवणीवर बोट फिरवायचा आणि टाकायचा. धाव म्हणून निघत नव्हती. दुसऱ्या टोकाकडून मध्यमगती गोलंदाजानं सहा बळी घेतले. पुढच्या रविवारी पोराला संघातून काढलं. तो माझ्या टेबलापाशी आला, म्हणाला, "काका, जरा वही बघू द्या." त्यानं आपल्या नावापुढच्या एमवरून बोट फिरवलं. म्हणाला, "याचा उपयोग काय, काका?"

सगळे देतात ते उत्तर मीही देऊ शकलो असतो. तुझ्याकडून धाव मिळेना म्हणून फलंदाज त्या टोकाला हात मारायला गेले आणि बाद झाले. ते खरंही होतं. पण तसं म्हटलं की पुन्हा दुसऱ्याच्या बळींवरच त्याची किंमत ठरली. मी त्याला म्हटलं, "तू दर चेंडू पुसलास. एकदाही विसरला नाहीस. मी बघत होतो, आणि ते मी लिहिलंय." त्याचं समाधान झालं की नाही, मला सांगता येणार नाही. मी जे म्हटलं ते मात्र मनापासून म्हटलं.

कारण फळाचा हिशेब बापूंच्या आयुष्यातच जुळत नाही. जानेवारीत मद्रासला त्या डावात शून्य बळी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, त्याच मद्रासला, त्याच मैदानावर, बॉब सिम्पसनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या डावात ३१ धावांत पाच आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत सहा. सामन्यात अकरा बळी. आणि तो सामना भारत १३९ धावांनी हरला. शून्य बळींच्या डावाचा सामना वाचतो आणि अकरा बळींचा हातून जातो. गोलंदाज तोच, टप्पा तोच. संवर टिकला की निर्जरा कधीतरी होते, एवढं पोथी सांगते. ती झाली म्हणजे जगात जय होईल, असं पोथी कुठंही म्हणत नाही. हे आकडे कळेपर्यंत मला पोथीचं ते मौन समजलं नव्हतं.

मार्च १९६२ ची एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. बार्बाडोसच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू आपला कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला लागला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया करावी लागली. रक्ताची गरज पडली, तेव्हा वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल पुढं आला, आणि आपल्याकडून पॉली उम्रीगर, चंदू बोर्डे आणि बापू नाडकर्णी. नरी वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. अंतरायाचा आक्षेप घेणाऱ्या अण्णाला मी हे सांगितलं तेव्हा तो काही बोलला नाही, नुसती मान हलवली.

कारकिर्दीच्या शेवटी बापूंना जे मिळालं ते चांगलं मिळालं. १९६८ च्या न्यूझीलंड दौऱ्यात, पतौडींच्या नेतृत्वाखाली, भारतानं परदेशात पहिली मालिका जिंकली, ३-१. वेलिंग्टनला बापूंनी ४३ धावांत सहा बळी घेतले, ही त्यांची कसोटीतली सर्वोत्तम कामगिरी. ऑकलंडला ते शेवटची कसोटी खेळले. तोवर बिशनसिंग बेदी आला होता. तोही डावखुरा, पण वृत्ती उलटी. बेदी चेंडू हवेत वर द्यायचा, फलंदाजाला बोलवायचा, मार म्हणायचा, आणि त्यातून बळी काढायचा. बेदीचं सौंदर्य मला पुरेपूर मान्य आहे. पण आपल्या क्रिकेटनं बेदीला डोक्यावर घेतलं आणि बापूंना विक्रमाच्या एका ओळीत बंद केलं, हे मला पटलेलं नाही. ८८ कसोटी बळी, १४१४ धावा, एक शतक आणि परदेशातल्या पहिल्या विजयात मोठा वाटा, एवढं सगळं पाच धावांच्या आड गेलं.

अलीकडे निर्धाव चेंडूला पुन्हा भाव आलाय. २०२३ च्या आयपीएलमध्ये बाद फेरीतल्या प्रत्येक निर्धाव चेंडूमागे ५०० रोपं लावायचं क्रिकेट मंडळानं जाहीर केलं, पडद्यावर टिंबाच्या जागी झाड दिसायला लागलं. मला ते आवडलं. पण तिथंही टिंबाची किंमत ठरली ती त्याच्या बदल्यात काय मिळतं यावरून.

बापू १७ जानेवारी २०२० रोजी मुंबईत गेले, ८६ व्या वर्षी. २१ निर्धाव षटकांचा विक्रम तेव्हाही अबाधित होता आणि आजही आहे. माझी विनंती क्लबांत आणि निवड समित्यांत बसणाऱ्यांना आहे. पोरांच्या नावापुढची आकडेवारी तुमच्यासमोर येते, तेव्हा नजर थेट शेवटच्या रकान्यावर नेऊ नका. निर्धाव षटकांचा रकाना आधी येतो, तो आधी वाचा. आणि बळी मिळाले नाहीत म्हणून कोणाला काढणार असाल, तर त्या दिवशीचं स्कोअरबुक मागवून त्याची टिंबं एकदा मोजा.